मोतीचे गोचीड आणि दातार डॉक्टरांचा चिमटा

गोचिडाचं आणि किश्शांचं एक सारखंच असतं बघा. बैलाच्या कानामागचा एक काढायला बसावं, तर त्याच्या खाली दुसरा, मानेखाली आणखी चार, आणि शेपटीपर्यंत पोचेस्तोवर संध्याकाळ! परवा सुनेनं कुत्र्याचं पिल्लू आणलं. त्याच्या कानात गोचीड दिसला आणि मी "चिमटा आणा, चिमटा!" म्हणून असा काही ओरडलो, की घरातले सगळे पिल्लू सोडून माझ्याकडेच पाहायला लागले. तेव्हापासून अकोल्याच्या ढोराच्या दवाखान्यातल्या गोष्टी एकामागून एक बाहेर निघून राहिल्या आहेत. त्यांचा काही इलाज नाही. सांगूनच टाकतो.

मी तिथं कंपाउंडर होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. हुकूम नागपुरातून निघायचा, अमरावतीत मुक्काम करायचा, आणि आमच्यापर्यंत पोचेतो ते जनावर एकतर बरं झालेलं असायचं, नाहीतर मेलेलं!

माणसं आम्ही तीनच. पुण्याचे दातार डॉक्टर, अंजनगाव सुर्जीचा नामदेव चपराशी, आणि मी काशीराव. माझी बायको म्हणते, डॉक्टरांच्या संगतीत माझी बोली बाटली, ना धड वऱ्हाडी राहिली ना पुणेरी झाली. बाटली तर बाटली! आता ते दोघंही नाहीत. दवाखान्यावरून जातो, पण आत पाय टाकवत नाही. फिनाईल आणि तंबाखूच्या पाण्याचा तो वास नुसता आठवला तरी जीव कासावीस होतो, खरं सांगतो.

*

डॉक्टर आले तेव्हा नवे कोरे होते. पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात पितळी चिमटा. पुण्याच्या तांबट आळीत मुद्दाम करून घेतलेला. "गोचीड बोटाने काढायचा नाही, आणि नखाने तर मुळीच फोडायचा नाही," हा त्यांचा पहिल्या दिवसाचा पहिला हुकूम.

आमच्याकडची रीत नेमकी उलटी! गोचीड उपटायचा, दोन अंगठ्यांच्या नखांत धरायचा आणि टचकन फोडायचा. तो आवाज ऐकल्याशिवाय कास्तकाराला गोचीड मेला असं वाटतच नाही.

पातूरकडचा महादबा बैल घेऊन आला होता. त्यानं बैलाच्या गळ्याखालचा टपोरा गोचीड काढला आणि मोठ्या प्रेमानं डॉक्टरांच्या पुढ्यात फोडला. कोटावर लाल शिंतोडा!

डॉक्टर मागे सरकले. "अहो, याच्या पोटात रोग असतो! बोटाला चीर असली की तुमच्या अंगात शिरतो. ताप भरतो, अंगावर लाल ठिपके उठतात, माणूस दगावतोसुद्धा!"

"काई होत नाही जी! माया बापानं जलमभर असेच फोडले."

"मग वडील बरे आहेत ना?"

"नाही जी. वारले."

"कशाने?"

महादबा जरा घुटमळला. "तापानं."

डॉक्टर काही बोलणार, तेवढ्यात तो ठासून म्हणाला, "पण थो ताप गोचिडाचा नोता सायेब, नजरेचा होता!"

*

गोचीड मारायला आम्ही तंबाखू उकळायचो. ते काळं पाणी गार करायचं, जनावराला चोळायचं, की गोचीड पटापटा गळायचे. उकळायचं काम नामदेवचं.

एका पावसाळ्यात काय झालं कोण जाणे, गोचीड गळेचनात. पाणी चोळलं की उलट ताजेतवाने दिसायचे! डॉक्टरांनी तंबाखू बदलून पाहिली, पाणी बदलून पाहिलं, पुस्तकं काढली. शेवटी एक दिवस ते स्वतः भट्टीपाशी जाऊन उभे राहिले. नामदेव समोर चुलीत फुंकर घालत होता, पण फुंकर काही निघेना. गाल हा असा फुगलेला!

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "नामदेव, थुंकून या. बैलाचं औषध बैलाला द्या."

नामदेव थुंकून आला आणि वर म्हणतो कसा, "सायेब, औषधात दम हाये का नाही, ते कोनी तरी पाह्यले पायजे ना!"

*

आता वहिनींची गोष्ट सांगावी लागते.

कमलवहिनी, डॉक्टरांच्या मंडळी, पुण्याच्याच. अकोल्याच्या उन्हाळ्यात भाजून निघाल्या, पण तक्रारीचा शब्द नाही. गावातलं एक भटकं कुत्रं त्यांनी पाळलं होतं, मोती नावाचं. दवाखान्यामागच्या क्वार्टरच्या ओट्यावर रोज दिवेलागणीच्या आधी मोतीचं डोकं मांडीवर घेऊन त्या त्याचे गोचीड काढून रॉकेलच्या वाटीत टाकत बसायच्या. बोटांनी! डॉक्टर घरी आले की चिमटा पुढे करायचे आणि त्या तो बाजूला ठेवून द्यायच्या.

एका संध्याकाळी मी आणि नामदेव तिथंच उभे होतो. दोन कास्तकारही होते. डॉक्टर आले आणि एकदम ओरडले, "हात काढ! किती वेळा सांगितलं तुला!"

वहिनींनी वर पाहिलंसुद्धा नाही. "माझं कुत्रं, माझी बोटं."

"आणि ताप आला म्हणजे? तो कुणाचा?"

"तो तुमचा!"

कास्तकार हसले. तेच बिनसलं बघा. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, त्यांनी आणखी काहीबाही सुनावलं. वहिनी उठल्या आणि हळूच म्हणाल्या, "आठवडाभरात आज पहिल्यांदा माझ्याशी बोललात. तेही गोचिडावरून."

दुसऱ्या दिवशी टांगा दारात. डॉक्टर म्हणाले, "जायचं तर जा. मी काही बोलावणार नाही." वहिनी म्हणाल्या, "बोलावल्याशिवाय मी येणारही नाही." दोघंही पुण्याचे, मागे कोण हटतो! वहिनींच्या ट्रंकेचा कडीकोयंडा नीट बसत नव्हता, तो डॉक्टरांनी आत जाऊन स्वतः बसवून दिला, पण तोंडातून ब्र नाही. मोती टांग्यामागे पार स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत धावला आणि जीभ काढून परत आला.

नामदेव मला म्हणाला, "काशीराव, येवढुसा गोचीड, पन पाह्य, मानूस पुन्याले पाठवून देल्लं!"

*

वहिनी गेल्या आणि तो पितळी चिमटा हरवला.

दवाखान्यात चिमटे काय कमी होते? दाताचे, बिनदाताचे, लांब, आखूड, हवे तसे. पण डॉक्टरांना तोच पाहिजे! "मोतीला तोच लागतो," म्हणायचे. झालं, नामदेवच्या मागे ससेमिरा लागला. त्यानं कपाटं उपसली, कडब्याच्या गंजीच्या गंजी उलथ्यापालथ्या केल्या, गुरांच्या गव्हाणीत हात घालून पाहिले. रविवार आला की डॉक्टर ओट्यावरून हाक मारायचे, "नामदेव, चिमट्याचं काय झालं?" आणि नामदेव बिचारा पुन्हा कडब्यात शिरायचा.

शेवटी वैतागून तो सराफ्यातल्या सोनाराकडून एक नाजूक चिमटा मागून घेऊन आला. डॉक्टरांनी तो बोटांत धरून उघडला-मिटला, उजेडाकडे करून पाहिला आणि परत दिला.

"छान आहे. पण सोन्यासाठी ठीक आहे, नामदेव. मोतीसाठी नाही."

नामदेव बाहेर येऊन कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे बाप्पा! याहिले मोत्यापायी सोनंबी चालत नाही!"

*

अमरावतीहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते. डॉक्टरांनी आठवडाभर नामदेवकडून पाठ करून घेतलं. साहेबांनी विचारलं, गोचीड माणसाला काय करतो, तर सांगायचं, ताप आणतो, डोकं दुखवतो, अंगावर ठिपके उठवतो. नामदेव झाडताना, पाणी भरताना तेच घोकायचा.

साहेब आले. बाटल्या पाहिल्या, टेबलाखाली पाहिलं, आणि वळून एकदम नामदेवलाच विचारलं, "बोलो, ये टिक आदमी को क्या करता है?"

नामदेव ताठ उभा राहिला. पाठ केलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं! मग डोळ्यांसमोर जे दिसलं ते त्यानं सांगून टाकलं.

"नवरा-बायकोत भांडन लावते, सायेब!"

मोठे साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला. डॉक्टरही हसले. मग हसता हसता खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ नाकाला रुमाल लावून होते. मी आपला बाटल्या पुसत राहिलो.

*

दौऱ्यावर आम्ही दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून जायचो. पातूरच्या वाटेवर एका माळ्याचा मळा होता. त्यांची गाय आमच्या डॉक्टरांनी वाचवलेली. त्यामुळे माळीणबाई, गिरजाबाई त्यांचं नाव, आम्हाला ताकाशिवाय पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. निघताना ओल्या फडक्यात शेवंतीची फुलं बांधून डॉक्टरांच्या हातात द्यायच्या. "बाईसायेबाईले द्या, मनाव गिरजीनं देल्ले."

वहिनी गेल्यावरही डॉक्टर ती फुलं घ्यायचे. "देतो," म्हणायचे. रस्ताभर फडकं मांडीवर धरून बसायचे, धक्का लागू द्यायचे नाहीत. घरी आले की वहिनींच्या आरशापुढे ठेवून द्यायचे. सुकली की नामदेव उचलायचा, तोवर दौऱ्याहून नवी यायची. त्या वर्षी आमच्याकडे तंबाखूच्या पाण्याचा आणि शेवंतीचा वास एकत्र यायचा, आणि मला अजूनही शेवंती पाहिली की गुरं आठवतात.

एकदा गिरजाबाईंनी विचारलंच. "डाक्टर, बाईसायेब कदी दिसत नाहीत दमनीत. कावून हो?"

डॉक्टर म्हणाले, "तिला धक्के सोसत नाहीत."

गिरजाबाई फुलांच्या फडक्याची गाठ आणखी घट्ट करत म्हणाल्या, "मंग तुमी कमी देत जा!"

*

वर्ष होत आलं होतं. उन्हाळा पुन्हा तापला, मोतीचे कान पुन्हा गोचिडांनी भरले. आणि एका संध्याकाळी मी पाहिलं तर डॉक्टर ओट्यावर वहिनींच्याच जागेवर बसलेले, मोतीचं डोकं मांडीवर, आणि गोचीड काढताहेत. बोटांनी!

"डॉक्टर, चिमटा?" मी म्हटलं.

"हरवलाय ना," ते म्हणाले, आणि काढत राहिले.

पुढे व्हायचं ते झालं. डॉक्टरांनी अंथरूण धरलं. ताप उतरेना, डोकं फुटेल असं दुखे, आणि मग मनगटांवर लाल ठिपके उठले. ते हळूहळू तळहातांवर आले, तळपायांवर आले. अंगावर काही उठलं की वऱ्हाडात त्याला एकच नाव, माता! नामदेवच्या बायकोनं, यशोदेनं, दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधले. चपला बाहेर. माता घरात असली की चुलीवर फोडणी द्यायची नाही, आणि बाहेरगावच्या माणसाला बोलवायचं नाही, मातेला राग येतो. मी म्हटलं, "वहिनींना तार करू का?" तर यशोदा माझ्यावरच कडाडली, "काशीभाऊ, बाईसायेबाईचं कुकू टिकू द्याचं हाये का नाही?"

वर्षभर डॉक्टरांच्या तोंडून गोचिडाचा ताप, गोचिडाचा ताप ऐकलेली आम्ही माणसं! ज्यानं शिकवलं त्याच्याच अंगावर ठिपके, आणि आम्हाला आठवली माता. भीती वाईट असते, दुसरं काय.

दुपारी नामदेवनं भात-वरण कालवून भरवायला घेतलं. डॉक्टरांनी एक घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि डोळे उघडले.

"फोडणी का नाही याला?"

नामदेव हात जोडून म्हणाला, "माता आली हाये सायेब तुमच्या अंगात."

डॉक्टरांच्या अंगात बोलायचं बळ नव्हतं, पण आवाज मात्र दवाखान्यातला निघाला. "नामदेव, माझ्या अंगात माता नाही, मोतीचा गोचीड आहे! फोडणी द्या!"

*

फोडणीचा वास सुटला आणि मी तारघराकडे पळत सुटलो. आता बोलवायला मातेची आडकाठी नव्हती! पण या तापावर तेव्हा औषध नव्हतं. हिवतापाचं कोयनेल देऊन झालं होतं, त्याचा उपयोग नव्हता. सिव्हिलचे डॉक्टर येऊन सांगून गेले होते, शुश्रूषा करा, पाणी पाजत राहा, बाकी देवाची मर्जी. आणि डॉक्टर तर झोपेत पाणी मागायचे ते वहिनींच्या नावानं.

तारेचा कागद पुढे घेतला आणि माझा हात थांबला. माणसाच्या आजाराची तार मी जन्मात केली नव्हती! आम्ही अमरावतीला तारा करायचो त्या गुरांच्या. इंग्रजी येत होतं तेही तेवढंच. शेवटी जे येत होतं ते लिहिलं. 'डॉक्टर ऑफ फीड. कॅनॉट स्टँड. कम ॲट वन्स.'

तारबाबूनं वाचलं, 'डॉक्टर' हा शब्द त्याला नेहमीसारखा पत्त्यातलाच वाटला. "चारा सोडला? उभं राहत नाही? अरेरे! बैल कोनाचा हो, काशीराव?"

मी बाहीनं डोळे पुसले. मी म्हटलं, "सरकारचा."

"मंग कायले येवढे रडून राहिले?" तो म्हणाला. "सरकार दुसरा देते!"

*

आणि आता ही शेवटची.

वहिनी आल्या. टांगा अजून थांबलाही नव्हता तोच मोतीनं उडी मारली, रडल्यासारखा ओरडत त्यांच्या पायांत लोळायला लागला. वहिनी त्याला ओलांडून आत आल्या आणि उंबऱ्यावरच थांबल्या. खाटेवर डॉक्टर. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, हात चादरीवर उताणे पडलेले आणि तळहातांवर ते ठिपके.

"तार कुणी केली?" वहिनींनी विचारलं.

"मी, वहिनी."

"यांनी सांगितलं होतं?"

डॉक्टर जागे होते. मला वाटलं, काशीराव, आता एक खोटं बोल आणि सुटका कर. पण त्या बाईच्या तोंडाकडे पाहून खोटं काही निघेना. "नाही," मी म्हणालो.

"म्हणजे यांनी बोलावलं नाहीच."

यशोदा पदर तोंडाला लावून उभी. नामदेव ट्रंक धरून दारात, आत आणावी की परत टांग्यात ठेवावी या विचारात. मला तर वाटलं, ह्या आल्या पावली परत जातात की काय!

वहिनींनी ट्रंक आत घ्यायला लावली. खाली बसून उघडली. साड्यांच्या तळाशी हात घालून एक रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली, आणि मागोमाग आत आलेल्या मोतीचं डोकं मांडीवर ओढून त्याच्या कानातला गोचीड अलगद उचलून रॉकेलच्या वाटीत टाकला. चिमट्यानं! त्याच पितळी चिमट्यानं!

नामदेव किंचाळला, "सायेब! चिमटा! बाईसायेबाईनं नेला होता!"

"मी नाही नेला," वहिनी म्हणाल्या. त्या डॉक्टरांकडे पाहत होत्या. "पुण्याला जाऊन ट्रंक उघडली, तर साड्यांत होता. कुणी ठेवला?"

डॉक्टर आढ्याकडे पाहत राहिले. मग कोरड्या पडलेल्या ओठांनी म्हणाले, "तिकडेही कुत्री असतातच की."

वहिनींना हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. "चिमटा ठेवता आला. 'ये' म्हणून एक शब्द ठेवता आला नाही?"

डॉक्टरांनी मान वळवली. आम्ही सगळे समोर होतो, त्यांनी कोणाचीच पर्वा केली नाही.

"ये," ते म्हणाले.

वहिनींनी पदरानं डोळे पुसले, त्यांचा तो ठिपक्यांचा हात उचलून मांडीवर घेतला आणि यशोदेला म्हणाल्या, "पाणी आण बाई."

नामदेव अजून दारातच उभा होता. एकदा चिमट्याकडे पाहायचा, एकदा डॉक्टरांकडे. हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला.

"म्हंजे सायेब, तुमाले ठावं होतं? तुमीच ठेवला होता?" त्याचा आवाज रडवेला झाला. "मंग मले वर्षभर कडबा कावून उलथवाले लावला?"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, झोपले.

"कुणीतरी शोधत राहायला हवं होतं ना, नामदेव."